दोन वाती, एकच तेल

नंदुरबार जिल्ह्यांतील शहादा तालुक्यांत टेंभली नांवाचें एक लहानसें गांव आहे. ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं या गांवाचें नांव एकाएकीं साऱ्या देशास ठाऊक झालें. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग व श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितींत येथील कांहीं आदिवासी रहिवाशांस 'आधार' योजनेचे बारा आंकडी क्रमांक देण्यांत आले. देशांतील पहिला क्रमांक मिळाला तो याच गांवच्या एका श्रमजीवी स्त्रीस. येथें आरंभ झालेली ही योजना आज शंभर कोटींहून अधिक लोकांपर्यंत पोंचली आहे, आणि बँकेंतील खातें, शिष्यवृत्ति, निवृत्तिवेतन, स्वस्त धान्य अशा अनेक व्यवहारांत तिचा प्रवेश झालेला आहे.

क्रमांक देण्याचें काम एकदांच करावयाचें असतें. परंतु त्या क्रमांकाविषयीं विचारलेल्या प्रश्नास उत्तर देण्याचें काम मात्र अहोरात्र चालू ठेवावें लागतें. रेशनच्या दुकानांत एखादी गृहिणी ई-पॉस मशीनवर अंगठा लावते, तेव्हां 'हा अंगठा या क्रमांकाच्या व्यक्तीचाच आहे काय?' असा प्रश्न शेंकडों कोस दूर जातो, व कांहीं क्षणांत 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर परत येतें. असे प्रश्न देशांतून दररोज कोट्यवधि येतात. उत्तर देणारें स्थान घटकाभर मुकें झालें, तर तेवढा वेळ दुकानोदुकानींच्या रांगा जागच्या जागीं खोळंबतील. हें मुकेपण येऊं नये म्हणून कोणती योजना करितात, आणि ती योजना कोठपर्यंत पुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय यंत्रशास्त्राचा असला, तरी त्याचें मर्म एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्या वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं.

हीं उत्तरें देणारीं स्थानें दोन आहेत. एक बंगळूर येथें, व दुसरें हरियाणांतील मानेसर येथें. दोहोंमध्यें दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, तेव्हां एका प्रांतावर पूर, भूकंप वा अन्य आपत्ति ओढवली तरी दुसरें स्थान तिच्या तडाख्याबाहेर राहतें. अशा स्थानास डेटा सेंटर म्हणतात. कोणत्याही मोठ्या डेटा सेंटरमध्यें गेलें असतां उंच कपाटांच्या रांगा दिसतात. त्या कपाटांतून, वह्या एकावर एक रचाव्या तसे, सर्व्हर नांवाचे संगणक बसविलेले असतात. माहिती सांठवून ठेवणें व प्रश्नांचीं उत्तरें शोधणें हें काम त्यांचें. परंतु प्रश्न योग्य सर्व्हरपाशीं नेऊन पोंचविणें व उत्तर पुन्हा बाहेर आणणें, हें काम निराळ्या यंत्राचें असतें. त्यास स्विच म्हणतात. स्विच म्हटल्याबरोबर भिंतीवरील दिव्याची कळ डोळ्यांपुढें येईल. परंतु हा स्विच तो नव्हे. रेल्वेच्या टपाल-डब्यांत बसून ज्या त्या गांवचें पत्र ज्या त्या कप्प्यांत टाकणारा सॉर्टर पूर्वी असे, त्याच्याशीं या स्विचचें साम्य अधिक आहे. अंतर एवढेंच कीं, हा एका सेकंदांत कोट्यवधि पत्रें वेगळीं करतो.

एखादा सर्व्हर बिघडला तर त्याचें काम शेजारचे सर्व्हर वांटून घेतात. परंतु ज्या एका स्विचमधून कपाटांतील वीस-तीस सर्व्हरांचें बोलणें चालतें, तोच बंद पडला तर ते सर्व धडधाकट असूनही मुके होतात. म्हणून असे स्विच जोडीजोडीनें बसवितात. प्रत्येक सर्व्हरमधून दोन केबल निघतात. एक पहिल्या स्विचला जाते, दुसरी दुसऱ्याला. जोडीपासून होणारा लाभ साध्या गणितानें कळतो. समजा, एक स्विच वर्षांतील शंभरांश काळ नादुरुस्त असतो. म्हणजे वर्षास सुमारें ८८ तास, अर्थात् साडेतीन दिवसांहून अधिक काळ काम अडणार. आतां तसेच दोन स्विच असले, व एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशीं कांहींएक संबंध नसला, तर दोघेही एकाच वेळीं बंद असण्याचा काळ शंभरांशाचा शंभरांश, म्हणजे वर्षास अवघीं ५३ मिनिटें. खर्च दुप्पट झाला, पण अडचण शंभरपट कमी झाली. या हिशेबांतील 'दुसऱ्याशीं कांहींएक संबंध नसला तर' हे शब्द मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावे; पुढील सर्व विवेचन त्यांच्यावरच उभें आहे.

जोडीतील एक गेल्याचें दुसऱ्यास कसें कळतें? तर पहिला स्विच ठराविक अंतरानें 'मी आहें' एवढाच संदेश दुसऱ्यास धाडीत असतो. व्ही. आर. आर. पी. या नांवाचा याविषयींचा एक नियमसंग्रह १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ रीतीप्रमाणें हा संदेश दर सेकंदास जातो, व लागोपाठ तीन संदेश चुकले म्हणजे दुसरा स्विच पहिला गेला असें समजून, साडेतीन-चार सेकंदांच्या आंत कार्यभार आपल्याकडे घेतो. या कार्यभार उचलण्यास फेलओव्हर अशी संज्ञा आहे. यांत एक मोठी सोय केलेली असते. सर्व्हर आपले संदेश पहिल्याच्या किंवा दुसऱ्याच्या नांवें धाडीत नाहीं. जोडीला मिळून एक सामायिक पत्ता दिलेला असतो. पत्र 'घरचे कर्ते' एवढ्याच नांवानें यावें, आणि त्या दिवशीं थोरले बंधु घरीं असतील तर त्यांनीं तें फोडावें, नसतील तर धाकट्यांनीं, अशांतलाच हा प्रकार. पत्र पाठविणारास घरांतील बदल कळण्याचें कारणच पडत नाहीं.

कित्येक ठिकाणीं दुसरा स्विच नुसता वाट पाहत न बसतां पहिल्याच्या बरोबरीनें काम करतो. नंदुरबारवरून जाणाऱ्या उधना-जळगांव लोहमार्गाचें दुहेरीकरण पूर्ण होऊन तें २०१९ सालीं राष्ट्रास अर्पण करण्यांत आलें. तेथें दोन्ही रूळ एरव्हीं आपापल्या दिशेच्या गाड्या वाहून नेतात. एकावर अडथळा आला तर दुसऱ्या एकट्यावरून दोन्हीकडील गाड्या थांबवीत थांबवीत काढतां येतात. स्विचांच्या जोडीचेंही तसेंच आहे. मात्र येथें एक पथ्य पाळावें लागतें. दोघांवर मिळून जो भार असेल, तो एकट्यास पेलण्याजोगा असला पाहिजे. प्रत्येकावर क्षमतेच्या सत्तर टक्के भार घालून ठेविला, तर एक जातांच दुसऱ्यावर एकशेंचाळीस टक्के भार येऊन पडेल, व पहिल्यामागोमाग दुसराही बसेल. निम्मी शक्ति रिकामी ठेवणें हीच येथें खरी शिल्लक होय. भरभराटीच्या दिवसांत ती शिल्लक खाऊन टाकण्याचा मोह अनिवार असतो.

दोन वाटा केल्यानें नवे धोकेही उत्पन्न होतात. स्विचांच्या जाळ्यांत दोन वाटांचा मिळून फेरा तयार झाला, तर 'सर्वांस कळावें' म्हणून धाडलेला एखादा संदेश त्या फेऱ्यांत गरगर फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात, आणि थोडक्याच वेळांत सारें जाळें त्या निरर्थक गर्दीनें भरून जातें. १९८५ सालीं रॅडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीनें यावर तोड काढली. स्विचांनीं आपसांत बोलून ज्यादा वाट मिटून ठेवावी, व चालू वाट तुटली तरच ती उघडावी, अशी ती रीत आहे. तदनंतर दोन स्विचांनीं मिळून सर्व्हरास एकच स्विच असल्याप्रमाणें भासावें, म्हणजे दोन्ही केबल एकाच वेळीं वापरतां येतात, अशीही युक्ति निघाली.

दुसरा धोका याहूनही विलक्षण आहे. दोन भाऊ आहेत. थोरले गांवीं शेती पाहतात, धाकटे शहरीं असतात. दोघांमधील निरोपच बंद पडला. धाकट्यांस वाटलें, थोरल्यांचें कांहीं बरेंवाईट झालें असावें. म्हणून त्यांनीं सदिच्छेनेंच एका शेताचा सौदा ठरविला. तिकडे थोरले खुशाल होते, व त्यांनीं त्याच शेताचा सौदा दुसऱ्याशीं केला. दोघेही प्रामाणिक, दोघेही दक्ष, आणि तरीही घर कोर्टांत! दोन स्विचांमधील केबल तुटली म्हणजे असेंच होतें. 'मी आहें' हा संदेश येईनासा झाला, याचा अर्थ जोडीदार गेला असा असेल, किंवा केवळ मधली तार तुटली असाही असेल. या दोहोंतील भेद नुसत्या शांततेवरून ओळखतां येत नाहीं. मग दोघेही स्वतःस कर्ता समजूं लागतात. यावर उपाय दोन. खुशाली विचारण्यासाठीं अगदीं निराळ्या मार्गानें जाणारी दुसरी एक तार ठेवावयाची. आणि मुख्य तार तुटली पण जोडीदार जिवंत आहे असें त्या दुसऱ्या तारेवरून कळलें, तर धाकट्यानें आपलीं दारें मिटून घ्यावयाचीं, असा नियम आधींच ठरवून ठेवावयाचा. वाद उपस्थित होण्यापूर्वीं ठरविलेला नियमच अशा वेळीं उपयोगी पडतो.

आतां तेलाची गोष्ट. समईंत दोन वाती लाविल्या, तर वाऱ्याच्या झुळकेनें एक विझली तरी दुसरी उजेड देते. परंतु दोन्ही वाती एकाच तेलांत भिजत असतात. तेल सरलें म्हणजे दोन्ही बरोबरच विझतात. वर केलेल्या शंभरांशाच्या हिशेबांत जी अट आहे, ती येथें मोडते. दोन स्विच आहेत, पण दोघांस वीज एकाच फळीवरून येते. दोन केबल आहेत, पण दोन्ही एकाच चरांतून जातात, व एका कुदळीच्या घावानें दोन्ही तुटतात. दोन यंत्रें आहेत, पण दोघांत एकाच हातानें लिहिलेला एकच सदोष हुकूम भरलेला आहे.

या शेवटल्या प्रकाराचीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत. ता. १५ जानेवारी १९९० रोजीं अमेरिकेंतील ए. टी. अँड टी. कंपनीचें दूर अंतराचें टेलिफोनचें जाळें सुमारें नऊ तास कोलमडलें. एका स्विचनें किरकोळ बिघाडानंतर स्वतःस सांवरलें व शेजाऱ्यांस 'मी पुन्हा कामावर आलों' असा निरोप दिला. त्या निरोपासरशीं शेजारच्या स्विचांतील आज्ञावलींत दडलेला दोष जागा झाला. ते पडले, सांवरले, व त्यांनींही तोच निरोप पुढें धाडला. अशा रीतीनें ११४ स्विच एकमेकांस पाडीत राहिले, कारण सर्वांत एकच आज्ञावली होती. दुसरें उदाहरण ता. ४ जून १९९६ चें. युरोपच्या एरियान ५ या अग्निबाणांत दिशा सांगणारीं दोन यंत्रें होतीं. एक चालतें, एक राखीव. दोहोंतील आज्ञावली तंतोतंत सारखी. जो आंकडा एकाच्या मापांत मावला नाहीं, तो दुसऱ्याच्याही मापांत मावला नाहीं. राखीव यंत्र आधीं बंद पडलें, मुख्य यंत्र त्यामागोमाग क्षणार्धांत, आणि उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत तो बाण आकाशांतच भंगला. जोडी नव्हती असें नाहीं. पण ती जोडी म्हणजे एकाच दोषाच्या दोन प्रती होत्या.

जोडीविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. राखीव यंत्र राखीव म्हणून पडून राहिलें, तर तें चालतें कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नसतें. घरोघरीं इन्व्हर्टर असतो. पण बॅटरींतील पाणी आटलें आहे, हें नेमकें वीज गेल्यावर कळतें. म्हणून जाणते व्यवस्थापक ठरलेल्या दिवशीं, सर्वांस सूचना देऊन, चालता स्विच मुद्दाम बंद करितात, व दुसरा भार उचलतो कीं नाहीं तें पाहतात. हें धाडस वाटेल. परंतु दिवसाढवळ्या, माणसें हजर असतांना निघालेला दोष मध्यरात्रीं निघालेल्या दोषाहून शतपट बरा.

अशा तजविजीवर होणारा खर्च मात्र नेहमींच वादाचा विषय होतो. इंग्रजींत या व्यवस्थेस रिडंडन्सी म्हणतात. आणि त्या शब्दाचा व्यवहारांतील अर्थ 'फाजील' असाच आहे. सर्व सुरळीत असेतोंवर राखीव वस्तु फाजीलच दिसते. नंदुरबार जिल्ह्यानें या बाबतींत एक चांगला धडा घालून दिला आहे. २०२० सालीं करोनाच्या पहिल्या लाटेच्या वर्षांतच, त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकारानें येथें हवेंतून प्राणवायु वेगळा करणारा संच बसविण्यांत आला, व पुढें त्यांत भर घालण्यांत आली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत मोठमोठ्या शहरांतील रुग्णालयें बाहेरून येणाऱ्या टँकरांची वाट पाहत होतीं, त्या वेळीं हा डोंगराळ जिल्हा आपली गरज बव्हंशीं आपणच भागवूं शकला. या संचांचें महत्त्व ते जास्तीचे होते यांत नाहीं. बाहेरच्या टँकरांवर ते अवलंबून नव्हते यांत आहे. येथें वात दुसरी होती, आणि तेलही दुसरें होतें.

हीच कसोटी आतां रेशनच्या दुकानास लावून पाहूं. बंगळुरास दोन-दोन स्विच आहेत, मानेसरास तसेच आहेत, आणि तीं दोन स्थानें मिळून पुन्हा एक जोडी आहे, असें धरून चालूं. परंतु सातपुड्याच्या कुशींत, अक्कलकुव्याच्या किंवा धडगांवच्या बाजूस एखाद्या पाड्यावर दुकान असतें. तेथील ई-पॉस मशीनमधून निघालेला प्रश्न प्रथम मोबाईलच्या एका मनोऱ्यापर्यंत पोंचावा लागतो. मध्यें डोंगर आला, पावसांत मनोऱ्याची वीज गेली, कीं दुकानदार एकच वाक्य उच्चारतो, "रेंज नाहीं." प्रश्न निघालाच नाहीं, तर दूरच्या त्या जोड्यांचा उपयोग काय? साखळीची बळकटी तिच्या अशक्त कडीवरून मोजावी लागते, आणि येथें शेवटची कडी एकेरी आहे.

यावर असें सांगण्यांत येतें कीं, अंगठ्यास पर्याय आहेत. उन्हातान्हांत राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या तर डोळ्यांच्या बाहुलीभोंवतींचें कडें तपासतां येतें, किंवा मोबाईलवर आलेला गुप्त आंकडा सांगतां येतो. हे पर्याय उपयुक्त आहेत यांत शंका नाहीं. बोटांच्या रेषा न जुळणें या एका बिघाडावर ते खरेखुरे उपाय होत. परंतु बोटाचा ठसा, डोळ्याचें चित्र व गुप्त आंकडा हीं तिन्ही त्याच मनोऱ्यावरून जातात. मनोरा मुका झाला म्हणजे तिन्ही एकदम निरुपयोगी होतात. वाती तीन झाल्या, तेल एकच राहिलें.

निराळ्या तेलाची वात येथें कोणती? ती अगदीं जुनी आहे. रेशनकार्ड, नोंदवही व लेखणी. तिला विजेची वा मनोऱ्याची गरज नाहीं. केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण खात्यानें ता. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं राज्यांस कळविलें आहे कीं, आधार नाहीं, अंगठा जुळला नाहीं किंवा जोडणी मिळाली नाहीं एवढ्या कारणास्तव हक्कदार कुटुंबास धान्य नाकारूं नये, व अशा वेळीं दिलेल्या धान्याची निराळी नोंद ठेवावी. सर्वोच्च न्यायालयानेंही ता. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत, ओळख पटविण्याच्या यंत्राच्या अपयशामुळें कोणाचा लाभ बुडूं नये, असें बजावलें. म्हणजे दुसरी वाट कागदावर आखलेली आहे. प्रश्न उरतो तो मघांच्या इन्व्हर्टरचा. ती नोंदवही दुकानांत आहे काय? दुकानदारास तिचा नियम ठाऊक आहे काय? ती वापरल्याबद्दल आपणावरच ठपका येईल, अशी भीति त्यास वाटते काय? शहरांतील व्यवस्थापक आपला स्विच मुद्दाम बंद करून पाहतात. त्याप्रमाणें तहसील कचेरीनेंही महिन्यांतून एखादा दिवस ठरवून, मशीन बाजूस ठेवून, नोंदवहीवर धान्य वांटून पाहण्यास काय हरकत आहे? अंत्योदय कुटुंबास महिन्यास मिळणारें पस्तीस किलो धान्य हा त्याच्या चुलीचा आधार आहे. 'उद्यां या' या दोन शब्दांत त्या घरची एक मजुरी बुडते, आणि कित्येकदां डोंगर उतरून आलेली वाट तशीच रित्या पिशवीनें चढावी लागते.

आपल्या सुखवस्तु घरांतही ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. बँकेचें खातें, गॅसची नोंदणी, विम्याचे कागद, वडील मंडळींच्या औषधांची यादी, हें सर्व एकाच व्यक्तीच्या एकाच मोबाईलमध्यें असेल, तर घरांत दहा माणसें असूनही त्या बाबतींत तें घर एकट्याचेंच आहे. दुसऱ्या कोणास तरी तें ठाऊक असावें, कागदावर लिहिलेलें असावें, व वर्षांतून एकदां तरी त्या दुसऱ्यानें तो व्यवहार स्वतः करून पाहावा. दुसरी व्यवस्था आहे काय, एवढें विचारून थांबूं नये. पहिली ज्या कारणानें बंद पडेल, त्याच कारणानें दुसरीही बंद पडेल काय, हें विचारावें. हा प्रश्न बंगळुरास व मानेसरास विचारला गेला, म्हणून तीं स्थानें एकमेकांपासून इतकीं दूर उभारलीं गेलीं. ज्या जिल्ह्यांत या योजनेचा पहिला क्रमांक दिला गेला, तेथील डोंगराळ पाड्यावरच्या दुकानांतही तो तितक्याच आग्रहानें विचारला गेला पाहिजे.